सभेआधीचा अर्धा तास

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी नंबरची वाट बघत बसले होते.

“आजी, यापुढे सोसायटीची सभा फोनवरच. तुम्हाला जिने उतरायची दगदग नको.”

“आणि पुरेशी माणसं जमली नाहीत की अर्धा तास थांबायचं असतं, ते?”

“आता घरबसल्या सगळे हजर. तो अर्धा तास वाचला बघा.”

“मी वेळेवर यायचे.”

“हो ना. आणि लोकांपायी उगाच ताटकळत बसायचात.”

“उगाच कसलं? तेवढ्यात चार माणसं बोलायची. सभा सुरू झाली की मी घरी जायचे.”

“आजी, तुमचा नंबर पुकारला.”

“तू जा आधी. मला कुठली घाई?”

तो आत गेला. आजी माझ्याकडे सरकल्या.

“तुमचा कितवा?”