पुढून साडेतेरा, मागून पंधरा

नयना : ...आणि वर ती बुटिकवाली फोनवर मला ऐकवते, मॅडम, तुम्ही नमुन्याला दिलेल्या ब्लाउजवरूनच शिवलंय, सूतभरही फरक नाही. बघा परेशभाई, पुढून घोळ आणि मागून वर चढतोय. रविवारी सूरजचं लग्न. नवऱ्या मुलाच्या आत्यानं असं मांडवात उभं राहायचं?

परेशभाई : होईल ने बेन. शनिवारी घेऊन जा.

नयना : ते तुम्ही कराल. पण एवढं बोरिवलीचं बुटिक, तिला शिवता येत नाही हे आधी मान्य करा. अख्ख्या वाणगावात वीस वर्षं माझे ब्लाउज तुम्हीच शिवता. एकदा तरी बिघडला?

परेशभाई : नमुन्याला कुठला दिला होता?

नयना : मोरपंखी. तुमच्याच हातचा. ही सई दहावी झाली तेव्हाचा.

परेशभाई : अरे, तो... मग त्या बेनची काय चूक नाही.

नयना : म्हणजे मी जाड झाले म्हणता?

परेशभाई : जाड नाही. राहू द्या ने. उसवून देतो, एकदम फिट.

सई : परेशभाई, मापांची वही बघू.

परेशभाई : कुठली वही?

सई : तुम्ही आत्ता गल्ल्याखाली सरकवलीत ती.

नयना : सई, लोकांच्या वह्या ओढू नयेत. दाखवा हो तिला. प्रयोगशाळेत काम करून करून प्रत्येक गोष्ट मोजायची सवय लागली आहे.

सई : हे बघ. तुझं पान. २०१७, पुढची उंची साडेचौदा, मागची चौदा. २०२० मध्ये पुढची सव्वाचौदा, मागची पण सव्वाचौदा. २०२३, पुढून पावणेचौदा, मागून पावणेपंधरा. आणि या दिवाळीला पुढून साडेतेरा, मागून पंधरा. परेशभाई, दर वेळी तुम्ही पुढून कापता आणि मागे वाढवता. का?

परेशभाई : का म्हणजे, अंग जसं असेल तसं शिवायचं. तेच तर आमचं काम.

सई : पाठ वाकते आहे हे तुम्हाला कळत होतं.

परेशभाई : कळतं ने. टेप रोज हातात असते.

नयना : माझी पाठ? आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?

परेशभाई : मी काय बोलणार, बेन? मागे एका बेनला सांगितलं, जरा पाठ वाकली वाटते. तर तिने घोलवडपर्यंत जाऊन सगळ्यांना सांगितलं, परेशची नजर बरोबर नाही. सहा महिने दुकानात लेडीज पाय ठेवेना. तेव्हापासून तोंड बंद. मागे पाव इंच सोडतो, पुढून पाव इंच घेतो, आणि बोलतो, बेन, तुमचं माप तेच आहे.

सई : इतकं चांगलं शिवलंत, की आठ वर्षं घरात कोणाला कळलं नाही.

नयना : थांब. टेपच ताणली गेली असेल. कापडी टेप वापरून सैल होते, आम्ही पाचवीच्या मुलांना शिकवायचो हे.

सई : टेप सैल झाली तर सगळीच मापं बदलतील. तुझ्या परकराची उंची बघ. अडतीस, अडतीस, अडतीस, अडतीस. पाय आहेत तेवढेच आहेत आई. बदललाय तो कमरेच्या वरचा भाग.

नयना : वयानं थोडं होतंच.

सई : मग मनगट? शाळेतल्या तुझ्या निरोप समारंभाला एका पायरीवरून घसरलीस आणि हाड मोडलं. उभ्या उंचीवरून पडल्यावर हाड मोडायला नको.

नयना : पायरी ओली होती.

सई : पायरी ओली होती म्हणून तू पडलीस. हाड मोडायला पायरीचा ओलेपणा कसा कारण होईल? प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लिहून दिलं होतं. कुठे आहे ती चिठ्ठी?

नयना : कपाटाच्या पायाखाली. कपाट हलत होतं.

परेशभाई : बेन, मी चहा सांगू?

सई : आणि दिवाळीत गादी उचलताना पाठीत कळ आली, तीन आठवडे.

नयना : उसण भरली होती. शेजारच्या जयवंतीबाईंनी उतरवली पण.

सई : मणका दबला असेल तरी अशीच कळ येते. दबलाच असेल असं मी म्हणत नाही. हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत, म्हणून तर मोजावी लागतात. दम्याच्या गोळ्या किती वर्षं घेतेस? डॉक्टरांनी दहा दिवसांच्या दिल्या होत्या. तू तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून दाखवून बारा वर्षं घेतेस. त्यातल्या स्टेरॉइडनं पण हाडं झिजतात.

नयना : मग उद्यापासून बंद करते.

सई : अशा एकदम बंद करायच्या नसतात. डॉक्टरांना सांगायचं. आणि बेचाळिसाव्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं...

नयना : सई. परेशभाईंसमोर?

(परेशभाई इस्त्री गरम झाली का बघायला पडद्यामागे जातात. इस्त्री बाहेर टेबलावरच आहे.)

सई : त्यानंतर तर हाडं जास्त वेगानं झिजतात. कोणी तुला सांगितलं नाही?

नयना : मला? दर आरोग्य सप्ताहात भाषण मी द्यायचे. दूध प्या, कोवळ्या उन्हात खेळा. मुलांच्या आया माझं ऐकून नाचणी शिजवायच्या.

सई : तू स्वतः?

नयना : चहात असतं की दूध. आणि उन्हात जायला मला वेळ कुठे होता? शाळा, मग केंद्रप्रमुखांच्या बैठका. हे बघ, हे सगळं माझ्या माहेरच्या, सायवनच्या बायकांना होतं. जन्मभर वाकून लावणी करायची, डोक्यावर भारे वाहायचे, मग पाठ वाकणारच. आईचं तेच झालं. मी चौतीस वर्षं खुर्चीवर बसले. एक रोप लावलं नाही. मास्तरणीची पाठ वाकायचं कारणच काय?

सई : लावणीनं पाठ दुखते, आई. हाडं त्यानं पोकळ होत नाहीत. उलट चालणाऱ्या, ओझं उचलणाऱ्या बाईची हाडं बसून राहणाऱ्या बाईपेक्षा घट्ट असण्याची शक्यता जास्त. शेजारच्या हिराबाई सत्तरीत नळावरून हंडा आणतात.

नयना : मग आई का वाकली?

सई : तेच तुला विचारते आहे. आजी पडली कशी?

नयना : न्हाणीत. पडली असंही नाही, खाली बसली म्हण. खुबा मोडला. आठ महिने अंथरुणावर होती. मी शाळा सुटली की बसने जायचे, कूस बदलायला. तुला तेव्हा कळत नव्हतं.

सई : आईचा खुबा मोडलेला असणं, हे पण त्या यादीत आहे.

नयना : कुठल्या यादीत?

सई : हाडं ठिसूळ व्हायच्या कारणांच्या. तुझ्या आरोग्य सप्ताहाच्या भाषणात नसलेल्या.

परेशभाई : बेन, माफ करा, मध्ये बोलतो. ब्लाउज कसा करू? लग्नात सगळे बघणार. थोडं पॅड टाकून पाठ सरळ दिसेल असं पण करता येतं. कोणाला कळणार नाही.

नयना : नको. आहे त्या अंगावर बसेल असा करा.

परेशभाई : ठीक ने.

सई : लग्न झालं की सोमवारी हाडांच्या तपासणीला वापीला जायचं. मी रजा टाकते.

नयना : सूरजला सांगू नकोस एवढ्यात. सकाळची गाडी असते का?

सई : असते. आणि डॉक्टरांसमोर मी बोलणार, तू नाही. तू त्यांनाच शिकवायला लागशील.

नयना : बोल तूच.

सई : काय झालं? उपचार असतात गं. तपासणीत काय निघतं ते तरी बघू.

नयना : ते नाही. आई पडायच्या आधीची दोन वर्षं, मी सायवनला गेले की तिला ओरडायचे. वर्गातल्या पोरांना ओरडतात तशी. ताठ चाल, मुद्दाम वाकून चालतेस, लोक काय म्हणतील. आणि ती, मी बघते आहे तोवर, दोन पावलं ताठ चालायचीसुद्धा.