आवळलेली सुई

प्रकाश आज आला नाही म्हणून सांगतो, त्याच्यासमोर हे माझ्यानं बोलवत नाही.

आम्ही दोघांनी मिळून रिमोटची नायट्रो कार घेतली होती. नवं इंजिन आधी रुळवावं लागतं. पहिल्या पाच-सहा टाक्या इंधन जास्त सोडून हळू चालवायच्या, कारण इंजिनाला लागणारं तेल त्या इंधनातच असतं. तीन टाक्या झाल्या आणि प्रकाशला बहिणीच्या साक्षगंधासाठी भिवापूरला जावं लागलं. जाताना म्हणाला, "मी येतपर्यंत इंधनाच्या सुईले हात नको लावू गा."

मला कुठला दम! मैदानावर सुई जराशी आवळून इंधन कमी केलं, तर गाडी अशी पळाली की मी ओरडलोच. दुसऱ्या फेरीत आवाज चिरकला आणि इंजिन जाम झालं.

प्रकाश परतला, तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "इंधनच भेसळीचं होतं गा."

तो तडक दुकानात गेला. मी मागे. म्हाताऱ्या दुकानदाराला त्यानं गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते ऐकवलं. दुकानदारकाकांनी शांतपणे इंजिन उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे पाहिले आणि माझ्याकडे वळले.

"सुई कोणं आवळली?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी पैसे न घेता नवा पिस्टन काढून माझ्या हातात ठेवला.

गाडी आजही झकास पळते. मैदानावर कोणी नवा आला, की प्रकाश त्याला बजावतो, "त्या बुढ्याच्या दुकानातून काही घेऊ नको, फसवते तो."

आणि मी बाजूला उभा राहून हो म्हणतो.