परत आलेलं वाण

अगं, संक्रांतीचं वाण कोणी परत केलेलं ऐकलंयस कधी? माझं केलं. हळदीकुंकवाला मी प्लास्टिकचे डबे वाटलेले. दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधले लेलेकाका डबा घेऊन माझ्या दारात. जिन्यात चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणतात, "बारकोड सहाशे नव्वदने सुरू होतोय. म्हणजे चायनाचा माल. आमच्या घरात चालत नाही."

मी म्हटलं, "काका, कंपनीने नंबर कुठल्या देशात घेतला, तेवढंच त्यावरून कळतं. माल कुठे बनला ते नाही. हा डबा मानपाड्याला आमच्या कारखान्यात बनलाय, फक्त ज्या कंपनीसाठी बनवतो तिचा नंबर तिकडचा."

"मला शिकवू नकोस. ग्रुपवर सगळं आलंय."

मी झाकण उघडून आतली चेकिंगची चिठ्ठी दाखवली. "हा सात नंबर माझा. हा डबा मीच पास केलाय."

काकांनी दुसऱ्या हातातली नवी कोरी पाण्याची बाटली वर केली. "ही बघ. आठशे नव्वद. शुद्ध देशी."

मी बाटली घेतली आणि बारकोडखालची बारीक ओळ मोठ्याने वाचली, "मेड इन चायना."

चारही बायकांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात समोरून लेलेकाकू आल्या, माझ्या हातातला डबा घेतला आणि काकांना म्हणाल्या, "वाण मला दिलंय, ते घरातच राहील. तुम्ही बाटली परत करून या."