माझ्या मापाच्या चौदा बाया

चूक माझी हाय, ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. मंगलवहिनींचा खांदा दुखत होता आणि मी कागदावर लिहिलं, काम टाळते. माझ्या हातानं लिहिलं, खाली सही ठोकली.

मी मूळचा कळंबचा. वडलांचा दोन एकर ऊस, शाळा वालचंदनगरला, मग आयटीआय केलं आणि लोणी देवकरला ठिबकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागलो. आता पॅकिंगचा सुपरवायझर हाय, हाताखाली चौदा बाया. त्यातल्या मंगलवहिनी आमच्याच आळीच्या, चुलतभावाची बायको. घरी मी भावजी, कंपनीत साहेब, आणि साहेब म्हणताना त्या असा हेल काढायच्या की बाकीच्या तोंडाला पदर लावायच्या. काय सांगू तुमाला, त्याचाच मला राग यायचा. खोकं भरायचं, उचलायचं, वरच्या फळीवर ठेवायचं, दिवसभर तेच. वहिनी म्हणायच्या, खांदा निखळतोय हो, मी म्हणायचो, बाकीच्यांचा कसा न्हाय निखळत.

तर खोक्यांचा रॅक तपासायला पुण्यासनं एक इंजिनिअर पोरगी आली, केतकी म्हणून. तिच्या लॅपटॉपात माणूस उभा राहतो, चित्रातला, पण आपण देऊ त्या मापाचा. त्याच्याकडनं आपलं काम करून घ्यायचं, ताण पडंल तिथं अंग लाल होतं, न्हायतर हिरवं. मला म्हणाली, काका, सगळ्यांची मापं आणून द्या, उंची, खांदा, हाताची लांबी. आता बायांच्या अंगाला टेप कसा लावायचा? मला लाज वाटली, आणि लाज वाटती हे सांगायचीही लाज वाटली. मी आपला स्टोअरच्या भिंतीला टेकलो, स्वतःचं माप घेतलं आणि तेच चौदा जणींच्या नावापुढं लिहून टाकलं, कुठं बोटभर कमी, कुठं बोटभर जास्त.

मग काय, पडद्यावरची बाई खोकी ठेवतीय आणि अंग हिरवंगार, उसाच्या कोंभासारखं. मॅनेजर म्हणाले, बघा, रॅकमध्ये काही दोष नाही, त्या मंगलला एक तारखेपासून कमी करा. आणि मी, घरचा माणूस, मान डोलावली.

केतकी म्हणाली, बायांनाही दाखवू, आणि कँटीनमधी पडदा लावला. काम जाणार हे वहिनींना कळलं होतं, तरी बघता बघता हसायला लागल्या. अगं बाई, हिचं कोपर वाकलंय बघा, आमी तर टाचा उचलून बोटांनी खोकं ढकलतो, एवढी उंच बाई आपल्यात कोण हाय? शेजारची म्हणली, नीट बघ की, साहेबांनाच लुगडं नेसवलंय! सगळं कँटीन खिदळलं. केतकीनं माझा कागद काढला, बायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलो, व्हय, माझीच मापं हायती, बायांना टेप लावायला लाजलो. वहिनी म्हणल्या, अहो साहेब, मग शिंपीण बोलवायची की!

दुसऱ्या दिवशी कळंबची शिंपीण आली, गळ्यात टेप टाकून. काय तो गोंधळ, काय ते हसणं! एक म्हणली, कंपनी ब्लाऊज शिवून देती का गं, दुसरी म्हणली, माझा गळा मोठा ठेव. शिंपीण म्हणली, गप उभी ऱ्हा, पोट आत घेऊ नको, कॉम्प्युटर हाय, नवरा न्हाय. मी दाराबाहेर बसून आकडे लिहीत होतो, हसून हसून माझे आकडे वाकडे झाले.

मग केतकीनं वहिनींच्या मापाची बाई उभी केली, बुटकीशी. तिनं खोकं उचललं, हात वर गेला, टाचा उचलल्या, आणि खांदा लालभडक. वहिनींनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणल्या, व्हय, हितंच.

वरची फळी बंद झाली, खोकी कमरेच्या उंचीला आली, वहिनी कामावर राहिल्या. पहिल्या दिवशी बायांनी पेढे वाटले, मलाही दिला, मी तो तसाच खिशात ठेवला. मापांचं मी कबूल केलं होतं, पण काम टाळते हा कागद फाइलीत तसाच होता. मी मॅनेजरांसमोर ती ओळ खोडली, चूक माझी असं लिहिलं, सही केली आणि लाइनवर गेलो. मशिनं चालू होती, मोठ्यानं बोलावं लागलं, बरंच झालं, चौदा जणींनी ऐकलं. कंपनीत पहिल्यांदाच त्यांना वहिनी म्हणलो. म्हणलो, वहिनी, तुमचा खांदा खरं सांगत होता, खोटा मी होतो, मला माफ करा.