क्रूझवरची संकष्टी

बडोदे स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघताना प्रेमलाबाईंचे कान शेजारच्या नवरा-बायकोकडे लागले.

"विमल, उद्या क्रूझवर चढताना मोठी बॅग बंदरावरच घेतात, खोलीत संध्याकाळी येते. लागेल ते हातातल्या पिशवीत ठेव. आणि ट्रॅव्हल एजंट जिग्नेशभाई म्हणाले, चढल्या चढल्या जेवून घ्यायचं."

"उद्या संकष्टी आहे! बुकिंग करताना कॅलेंडर बघायला काय झालं होतं?"

"अगं, डेकवरून चंद्र काय मस्त दिसेल! दोघं मिळून बघू."

"दोघं? मांजलपूरच्या आपल्या घराच्या गच्चीवर मी एकटी चंद्र शोधायचे, तेव्हा तुम्ही जेवून घोरत असायचात!"

"बरं बाई, उद्या मीही चंद्र दिसेपर्यंत जेवत नाही."

"काही नको! आणि गोळ्या काय उपाशीपोटी घेणार? पिशवीत माझं काय आहे? तुमच्या गोळ्याच भरल्यात!"