नव्वदची लेन्स

बायको मुक्ता गेल्याचा फोन आला, तेव्हा रामभाऊ भंडारदऱ्याला आपल्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यातून कळसूबाईचा फोटो काढत होते. महिन्याभरानं ते सावेडीतल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आले. रांगेतल्या सगळ्यांना बोलणं ऐकू येत होतं.

“नव्वद एमएमची वाइड लेन्स द्या.”

“काका, तिच्यात शिखर बारीक दिसेल. दीडशेची न्या.”

“ती घरी हाय. तिच्यात पायथ्याचं गाव मावत न्हाई.”

“मग जरा मागं सरका की!”

“मागं धरणाचं पाणी हाय.”

“पंच्याहत्तरची देऊ? आणखी रुंद.”

“तिला माझ्या कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता तेवढा मिटत न्हाई.”

“शिखर सोडून गावाचा हट्ट? काकूंचा हुकूम दिसतोय!”

“तिचं माहेर हाय ते. चाळीस वर्षं म्हनायची, तुमच्या फोटोत आमचं गाव कदीच न्हाई.”

“आणि आता?”

“आता कोन म्हननार? बांधा नव्वदची.”

गावाचा फोटो अजून काढायचा राहिलाय.