सुकरीच्या हातचा दोर

(सिरोंच्याकडच्या जंगलात वाळूच्या लाल दगडाची खोल दरी. पहिलं इलेक्शन होऊन गेल्यानंतरचा एक उन्हाळा, सकाळ. काठावर कोलू, त्याची बायको सुकरी आणि म्हातारा चुलता इतवारी.)

इतवारी : मी अजूनबी म्हणतो, कोलू. बाईच्या हाती दोर देऊन या दरीत कोणी उतरलं नाई. मोहोळ काढणाऱ्याचा दोर साळ्यानंच धरावा.

सुकरी : साळ्यानंच काऊन, बाबा?

इतवारी : भाऊ दोर सोडन, दोस्त सोडन. साळा नाई सोडत. त्या दोराले त्याच्या बहिणीच्या बांगड्या हायेत.

सुकरी : माहा भाऊ डोमा तापानं गेला. दुसरा भाऊ मले नाई. आन् बांगड्या तर माह्याच हायेत ना?

कोलू : बरोबर बोलून राह्यली ते, काका.

इतवारी : माशा चिडतीन. बाईचा हात त्या वळखतेत.

सुकरी : इलेक्शनात हाच हात चालला. तवा तुमीच मले रांगेत उभं केलं होतं.

इतवारी : ते सरकारची पेटी होती. हे आग्यामोहोळ हाय.

कोलू : काका, डोमा गेला तवापासून मी उतरलो नाई. यंदाबी नाई उतरलो तर पंचानं काय ठरवलं, सांगा.

इतवारी : कडा आन् त्याचं मोहोळ झिंगूच्या घराले जाईल.

कोलू : बापाचा कडा हाय माह्या. सुकरे, टेंभा दे.

सुकरी : पाय जपून ठेवा. हा दगड हाताखाली सुटते, डोमा सांगे.

कोलू : सोड... अजून सोड.

इतवारी : सागाच्या बुडाले दोराचे वेढे दे, बाई. टाच दगडाले लाव. मी काई शिकवून नाई राह्यलो, नुसतं बोलून राह्यलो.

सुकरी : बोलत राहा, बाबा. पोचले काय हो?

कोलू : पोचलो! धूर देऊन राह्यलो. गाडीच्या चाकाएवढं हाय वं पोळं!

सुकरी : माशा?

कोलू : उठल्या. चावू दे. कापलं... टोपल्यात घेतलं. आता चढतो... अरे, दगड...

सुकरी : काय झालं? आयकता काय? अवो! बाबा, दोर एकदम जड झाला.

इतवारी : बाजूला सर, मी हात लावतो.

सुकरी : लावू नका. दोराले दुसरा हात लागला तर पंच हे उतरणं धरत नाई, कडा झिंगूचा झाला.

इतवारी : जीव मोठा का कडा मोठा?

सुकरी : दोनीबी माह्याच हातात हायेत. कोलू! आयक, कोलू! पाय दगडाले लाव!

इतवारी : नवऱ्याचं नाव घेतलं हिनं.

कोलू : लावला! लटकलो होतो. टोपलं हाय खांद्याले. चढून राह्यलो, ढील घेत जा!

सुकरी : घेऊन राह्यली. ये.

इतवारी : आला. डोस्कं दिसलं. तोंड सुजलं रे तुहं, भोपळा झाला.

कोलू : सुजू द्या. टोपल्यात पाहा.

इतवारी : दोर बाईनं धरला आन् माशा तुले चावल्या?

सुकरी : माहा हात वळखतेत ना त्या.

कोलू : तू माहं नाव घेतलं.

सुकरी : निंगालं तोंडातून.

इतवारी : दोर धरणारा नावानंच हाक मारते. डोमाबी मारे. आन् तू बोटं काय चाटतं, कोलू? पयला तुकडा दोर धरणाऱ्याचा. दे तिले.

कोलू : घे, सुकरे.

सुकरी : धुराचा वास हाय. डोमा घरी आणे त्याले असाच वास ये.

इतवारी : आज गावात मी सांगीन. कडा कोलूच्या घरचा. दोर कोणी धरला विचारलं तर तेबी सांगीन.

सुकरी : आता तो दोर माह्या कमरेले बांधा.

कोलू : तुह्या? काऊन?

सुकरी : डोमा एकदा खाली गेला होता ना. तिथं उन्हाळ्यातबी गार पाणी हाय म्हणे. टेंभ्याच्या काजळीनं त्यानं दगडावर आपला पंजा उमटवला. मले दाखवीन म्हणे. राह्यलं ते.

कोलू : हाय तो पंजा. माशा बसू दे, मंग पलीकडून उतरवतो.

इतवारी : बाईमाणूस दरीत... बरं, बांध रे. गाठ मी पाहतो.

कोलू : बसल्या माशा. सोडू काय?

सुकरी : सोड.

इतवारी : बाई, पोचली काय? पाणी हाय काय?

सुकरी : पाण्यात पाय हायेत माहे.

कोलू : आन् पंजा?

सुकरी : दिसला. पाण्याच्या पल्याड हाय. कोलू, अजून थोडा दोर दे.